सुईणीचा कॉम्प्युटर

२० ऑगस्ट, मंगळवार

बिघाडाची वही. मोसुलच्या पाणीखात्यात चौतीस वर्षं नकाशे काढले. तिथे फुटलेल्या प्रत्येक नळासाठी एक पान लिहायची पद्धत होती. तारीख, काय दिसलं, काय केलं. इथेही तसंच लिहितो.

यंत्र: माझ्या बायकोचा, सबीहाचा कॉम्प्युटर, टेबलाखालचा काळा डबा. अकरा वर्षं जुना.
तक्रार: चालू होत नाही.

सकाळी एक बाई आली. नाव शैमा, वय तिशीच्या आसपास. नदीपलीकडून, जुन्या शहरातून आली होती. सोबत आठेक वर्षांची मुलगी. दारातूनच म्हणाली, "काका, सबीहा दाई आहेत का?"

मी म्हटलं, "नाहीत."

"मग बसते मी. कधी येतील?"

तिला माहीत नव्हतं. मी सांगितलं, तीन तारखेला वारली. ती उंबऱ्यावरच बसली. मी पाणी दिलं. मुलगी अर्धं प्यायली आणि अर्धं तिने आईला दिलं.

तिचं काम असं. मुलगी तीबा, काळ्या झेंड्यांच्या बंदूकवाल्यांनी तीन वर्षं शहर ताब्यात ठेवलं त्या काळात जन्मलेली. तिच्या जन्माचा दाखला तेव्हाच्या लोकांच्या शिक्क्याचा, त्यामुळे आज तो कुठेच चालत नाही. सबीहाने हाताने लिहून दिलेली चिठ्ठी घराबरोबर जळाली. नवरा ढिगाऱ्याखाली गेला. दाखला नाही म्हणून शाळा नाही. अठरा सप्टेंबरला न्यायाधीशांपुढे तारीख आहे. ते म्हणाले, सुईणीला आणा, नाहीतर तिची नोंद आणा.

नोंद कॉम्प्युटरमध्ये आहे. बाकी कुठे नाही. सबीहाने त्या तीन वर्षांतल्या वह्या कोंबड्यांच्या खुराड्याच्या भिंतीत लपवल्या होत्या. काढल्या तेव्हा निम्मी पानं ओलीने चिकटली होती. भिंग घेऊन एकेक ओळ वाचायची आणि टाईप करायची, असं तीन वर्षं चाललं होतं. वाचून झालेलं पान हातात भुगा होऊन पडायचं.

मी शैमाला म्हटलं, थांब, काढून देतो. पुढच्या खोलीत गेलो, बटण दाबलं. काही नाही. दिवा नाही, पंखा नाही, आवाज नाही. पाच वेळा दाबलं.

लिहिताना लक्षात आलं, सतरा दिवस मी त्या खोलीत गेलो नव्हतो. खोली पुढच्या अंगाला आहे, जायचं कारण पडत नाही.

बिघाडाची वेळ: तीन ऑगस्ट, दुपारी तीनच्या सुमारास. मी अंगणात टाकीचा कॉक बदलत होतो. सरकारी लाईट गेली असावी, आणि गल्लीतल्या जनरेटरवर जाताना झटका बसला असावा. सबीहाने आतून हाक मारली, "अबू रफल!" रफल आमची मुलगी, तिच्या नावाने मला सगळे अबू रफल म्हणतात. मी म्हटलं, "येतो. यंत्र काही पळून जात नाही." पुन्हा हाक आली नाही. दहाएक मिनिटांनी आत गेलो तेव्हा ती जमिनीवर होती आणि यंत्र बंद होतं. म्हणजे आधी यंत्र गेलं. केलेलं काम गेलं याचा तिला धक्का बसला असणार. डॉक्टर म्हणाले, मेंदूत रक्तस्राव. धक्क्याबद्दल ते काही बोलले नाहीत.

शैमाला सांगितलं, दोन-तीन दिवसांत करून देतो.

२१ ऑगस्ट, बुधवार

पाणी येत नसेल तर आधी रस्त्यावरच्या नळाला येतं का ते बघायचं, मग घराच्या तोंडाशी, मग आत. विजेचंही तेच.

भिंतीतला सॉकेट: टेबलफॅन लावून पाहिला, फिरतो. वायर: प्रिंटरची काढून लावली, तशीच असते. फरक नाही. डब्याच्या मागचं छोटं बटण चालूच होतं. तरी बंद करून पुन्हा चालू केलं. फरक नाही.

म्हणजे डब्यापर्यंत वीज येते. पुढे येत नाही.

रफलचा अंकाराहून फोन. म्हणाली, "बाबा, जेवलास का?" जेवलो म्हटलं. "काय जेवलास?" आठवेना. समून खाल्ला असणार, घरात तेवढाच ब्रेड होता.

२२ ऑगस्ट, गुरुवार

विद्यापीठाच्या मागच्या रस्त्यावर मुवफ्फकचं दुकान आहे. जुने कॉम्प्युटर विकतो, दुरुस्त करतो. पूर्वी त्याच्या गल्लीतली गळती मी शोधून दिली होती, म्हणून मान देतो. त्याच्या दोन्ही मुली सबीहाच्याच हातच्या.

मला बघून उठला, हात धरून ठेवला. म्हणाला, "अल्लाह तिला जागा देवो. आमच्या घरात अजून तिचीच शपथ चालते." मग चहा मागवला. मी तक्रार सांगितली.

"पॉवर सप्लाय गेला असेल," तो म्हणाला. "मागच्या बाजूचा चौकोनी लोखंडी डबा. त्यातून वायरींचा झुबका निघतो. सगळ्या वायरी सोडव. सगळ्यांत रुंद टोक असतं, त्यात हिरवी वायर एकच आहे. ती आणि शेजारची कुठलीही काळी, कागदाची क्लिप वाकवून जोड. मग वीज दे. त्याचा पंखा फिरला तर तो जिवंत. नाही फिरला तर मेलेल्याची फातिहा वाचून टाक."

 

"पण तो लोखंडी डबा उघडू नकोस. वायर काढलेली असली तरी आत मार बसतो. आणि अबू रफल, एवढा खटाटोप कशाला? आतली डिस्क काढून आण. चार स्क्रू. माझ्या मशीनला लावतो, दहा मिनिटांत यादी तुझ्या हातात."

मी नाही म्हटलं. त्या यादीत बायकांची नावं आहेत, कोणाचं काय झालं ते आहे. दुकानात कोणीही डोकावतं.

"दुकान बंद करून बघू."

डिस्क काढता-लावताना खराब होऊ शकते, असं मी म्हटलं. त्याने माझ्या पेल्याला हात लावून बघितला. मग म्हणाला, "चहा थंड झाला तुझा."

२४ ऑगस्ट, शनिवार

डबा उघडला. आत धुळीचा नमद्यासारखा जाड थर झालाय. सगळ्या वायरी सोडवल्या. कुठली कुठे होती त्याचा आधी नकाशा काढला, एकास एक मापात.

हिरवी-काळी जोडली. वीज दिली. पंखा फिरला नाही. काळी बदलून पाहिली, तीन वेळा. जांभळ्या वायरीवर मीटर लावला. यंत्र बंद असतानाही तिथे पाच व्होल्ट हवेत. शून्य.

निष्कर्ष: पॉवर सप्लाय मेला आहे.

काम नीट झालं. रविवारी नवीन घेऊन येतो.

३१ ऑगस्ट, शनिवार

रविवारी ऊन फार होतं. सोमवारी जनरेटरवाल्याकडे काम होतं. मंगळवारी नकाशा नीट शाईने काढला. बुधवारी काय होतं ते आठवत नाही.

रफल म्हणाली, "बाबा, ती डिस्क मुवफ्फक काकांना दे ना. त्या बाईची तारीख आहे."

मी म्हटलं, होतंय.

"आणि इकडे ये. महिनाभर तरी. एकटा काय करतोस दिवसभर?"

दुरुस्ती चालू आहे म्हटलं.  मग म्हणाली, "आईचे कपडे कोणाला दिलेस का?" मी म्हटलं, हे काम झालं की बघतो. यंत्र उघडं असताना घरात धूळ उडवून चालत नाही.

१ सप्टेंबर, रविवार

पॉवर सप्लाय आणला. वापरलेला आहे, पण मुवफ्फकने समोर लावून दाखवला, पंखा फिरतो. म्हणाला, "घरी येऊन बसवून देऊ?" गरज नाही म्हटलं. "पाच मिनिटांचं काम आहे रे बाबा." म्हटलं, म्हणूनच.

टेबलावर ठेवलाय. आधी आतली धूळ काढायला हवी. नवीन वस्तू धुळीत बसवणं बरं नाही.

४ सप्टेंबर, बुधवार

दाढीच्या ब्रशने धूळ काढली. पहिल्या दिवशी पंखे, दुसऱ्या दिवशी कोपरे, आज स्क्रू. सगळे स्क्रू पुसून मापाप्रमाणे चहाच्या बशीत लावून ठेवले. पंख्याच्या पात्यात लांब केस अडकलेले होते, मेंदी लावलेले. वेगळे काढून कागदात ठेवले. ते यंत्राचे भाग नाहीत, म्हणून यादीत लिहिले नाहीत.

५ सप्टेंबर, गुरुवार

आज काही नाही.

७ सप्टेंबर, शनिवार

शैमा आली. भेंडी शिजवून आणली होती, वर पोळीने झाकलेली. तीबाही होती. भिंतीवरच्या कॅलेंडरवरची अक्षरं ती मोठ्याने वाचत होती. शैमा म्हणाली, औषधांच्या खोक्यांवरून शिकली. मुलांच्या तापाच्या सगळ्या औषधांची नावं तिला वाचता येतात, स्वतःचं नाव मात्र कुठे छापलेलं नाही.

मग तिला टेबलावरचा पॉवर सप्लाय दिसला. "काका, हे काय आहे?"

"भाग आहे. तोच गेला होता."

"म्हणजे नवीन आणलात?"

"रविवारी."

"कोणत्या रविवारी?" ती म्हणाली. मी सांगितलं. तिने बोटांवर मोजलं. "बसवायला काय लागतं? माणूस बोलवायचा का?"

"नाही, मीच बसवणार. आत्ताच साफसफाई संपली. उद्या."

 ती बशीतले स्क्रू बघत होती, लहानापासून मोठ्यापर्यंत लावलेले. मग तिचा आवाज चढला. "काका, रागवा हवं तर. तुम्हाला हे चालूच करायचं नाहीये. मला कळतं. माझ्या नवऱ्याची चप्पल मी दोन वर्षं दारात ठेवली होती, कोणी हलवली की मी भांडायचे. पण माझी मुलगी आठ वर्षांची झाली हो. आठ! तिच्या वयाच्या मुली गुणाकार करतात."

मी म्हटलं, "शैमा, बिघाड पद्धतशीर शोधावा लागतो."

"बिघाड तर सापडलाय ना?"

तिने तीबाचा हात धरला आणि गेली. भांडं न्यायला विसरली. भेंडी चांगली होती असं वाटतं.

बाईला पद्धतीची कल्पना नाही. तरी तिला वेळ कमी आहे हे खरं. आजपासून अकरा दिवस.

९ सप्टेंबर, सोमवार

पॉवर सप्लाय बसवला. चार स्क्रू. नकाशाप्रमाणे सगळ्या वायरी लावल्या. वेळ लागला सव्वीस मिनिटं.

सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी बटण दाबलं. पंख्याने अर्धा फेरा घेतला आणि थांबला. पुन्हा दाबलं. अर्धा फेरा, थांबला.

मला बरं वाटलं. का ते कळत नाही, पण नोंद म्हणून लिहितो.

मुवफ्फकला फोन केला. तो म्हणाला, "शॉर्ट आहे. आत कुठेतरी वीज जिथे जायला नको तिथे जातेय. हा सप्लाय शहाणा आहे, ते कळताच स्वतः बंद होतो. तुझा जुना स्वस्तातला होता, त्याला वेळेवर थांबता आलं नाही, तोच मेला. आता सगळं काढ आणि एकेक लावून बघ."

"म्हणजे लाईट बदलताना झटका बसून हे झालेलं नाही?"

"झटक्याने सप्लाय जातो, पण नवीन लावल्यावर मशीन चालू व्हायला हवं होतं. हे दुसरंच आहे काहीतरी. कोणी आपटलं, ओढलं असं झालं का?"

मी म्हटलं, नाही.

१० सप्टेंबर, मंगळवार

पाणीखात्यात गळती अशीच शोधायचो. सगळे व्हॉल्व्ह बंद करायचे आणि एकेक सोडत जायचं. जो सोडल्यावर दाबाचा काटा पडतो, गळती त्याच्या पुढे.

सीडीची पेटी काढली. अर्धा फेरा. डिस्कची वायर काढली. अर्धा फेरा. मेमरीची पट्टी काढून दुसऱ्या खाचेत लावली. अर्धा फेरा. डब्याच्या तोंडाशी फोन वगैरे लावायची दोन छिद्रं आहेत, त्यांची बारीक वायर आतल्या पट्टीवरून उपटली. दाबलं.

पंखा फिरला. फिरत राहिला.

मी लगेच भिंतीतलं बटण बंद केलं. अकरा वाजून वीस मिनिटं.

बॅटरी घेऊन ती छिद्रं बघितली. डावं वाकलंय. आतली पत्र्याची जीभ आडवी होऊन कडेला टेकली आहे. काहीतरी त्यात घातलेलं होतं आणि ते जोराने खाली ओढलं गेलं.

त्यात सबीहाच्या फोनची चार्जिंगची वायर असायची. ती तीन तारखेला तिच्या हातात होती. मी गेलो तेव्हा ती कुशीवर पडलेली होती, फोन मुठीत आणि वायर मनगटाभोवती. ती वायर मीच सोडवली होती.

११ सप्टेंबर, बुधवार

जनरेटरवाल्या अबू सैफकडे गेलो. सरकारी लाईट कधी गेली, कधी आली हे तो रोज कॅलेंडरवर लिहितो, लोक भांडतात म्हणून. तीन ऑगस्ट दाखव म्हटलं.

"आता कशाला? तक्रार आहे का काही?" तो म्हणाला. "दीड महिना झाला."

"तक्रार नाही."

त्याने पान उलटलं. दुपारी एक ते पाच सरकारी लाईट होती. सलग. मध्ये गेली नाही.

म्हणजे यंत्र आधी बंद पडलं नाही. ती पडली तेव्हा बंद पडलं.

तिने मला हाक मारली तेव्हा यंत्र चालू होतं. तिने मला यंत्रासाठी हाक मारली नव्हती.

घरी आलो. टाकीचा कॉक बघितला. गळत नाही.

१४ सप्टेंबर, शनिवार

दोन दिवस लिहिलं नाही. पडून होतो. मुवफ्फक येऊन दार वाजवत राहिला तेव्हा उठलो. त्याच्या बायकोने तांदळाचा, आत खिमा भरलेला कुब्बा पाठवला होता. ताट खाली ठेवून तो म्हणाला, "शैमा दुकानात आली होती. माझं दुकान तिला कोणी सांगितलं कोण जाणे. म्हणाली, काकांना मी फार बोलले, त्यांना सांगा माफ करा. रडत होती. मी तिला म्हटलं, तू काही चुकीचं बोलली नाहीस."

मी त्याला सगळं सांगितलं. छिद्र, वायर, अबू सैफचं कॅलेंडर. हाक. मी काय उत्तर दिलं ते.

त्याने ताटावरचं झाकण काढलं. मग म्हणाला, "लगेच आत आला असतास तर काय केलं असतंस?"

"माहीत नाही."

"मलाही माहीत नाही. डॉक्टरला विचारलंस?"

"डॉक्टर म्हणाले, सहा तास आधी आणली असती तरी वाचली असती असं सांगता आलं नसतं."

"मग?"

"मग काही नाही. पण ती एकटी होती."

 तो समजूत घालण्याच्या भानगडीत पडला नाही, त्याचं मला बरं वाटलं. थोड्या वेळाने बाह्या सरसावून म्हणाला, "चल. मी शेजारी बसतो. बटण तू दाब."

मी डिस्कची वायर परत लावली आणि बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा आधी काळा, मग निळा झाला. मग डाळिंबाच्या झाडाचा फोटो आला, रफलने काढलेला. फाईल समोरच होती. नाव: बाळं.

मुवफ्फक उठून अंगणात गेला. म्हणाला, बायकांची नावं आहेत, मी कशाला बघू.

दोन हजार एकशे चौदा ओळी, आधीच्या-नंतरच्या वर्षांच्याही धरून. शेवटची ओळ अर्धवट आहे. एका आईचं नाव, मग बापाचं नाव, मग काही नाही.

शैमाचं नाव शोधलं. सापडलं.

"सतरा मार्च दोन हजार सोळा. दुपार. शैमा, औषधवाल्यांची गल्ली. मुलगी. तीन किलो दोनशे. नाळेचा मानेला वेढा, सोडवला. रडायला वेळ लावला. आईचं रक्त बेताचं. बाहेर: गानिम."

गानिम म्हणजे मी.

आधी वाटलं दुसरा कोणी असेल. वरच्या ओळी बघितल्या. "बाहेर: गानिम." खाली बघितलं. "बाहेर: गानिम. पाऊस, भिजला." आणखी एक: "बाहेर: गानिम. चौकीवर एक तास अडवलं." आणखी एक: "बाहेर: गानिम, ताप असताना आला." नाव टाकून शोधलं. त्या तीन वर्षांत एकसष्ट वेळा.

त्या काळात बाईला एकटीने रस्त्यावर जायची बंदी होती. सोबत नवरा नाहीतर भाऊ लागायचा. म्हणून मी जायचो. ती आत जायची, मी भिंतीला टेकून उभा राहायचो. पाहुणे वाटावं म्हणून हातात संत्र्यांची पिशवी असायची. मी त्याला कधी काम म्हटलं नाही. ती लिहून ठेवते हे मला माहीत नव्हतं.

मुवफ्फकला आत बोलावलं आणि ती एक ओळ दाखवली. त्याने दोनदा वाचली.

"अबू रफल," तो म्हणाला, "न्यायाधीशाला नुसता कागद पुरणार नाही. कॉम्प्युटरमध्ये काय, कोणीही काहीही टाईप करेल. त्याला साक्षीदार लागतो. साक्षीदार इथे बसलाय की, कुब्बा न खाता."

१५ सप्टेंबर, रविवार

ती ओळ छापली. पूर्ण यादीच्या तीन प्रती काढल्या. एक मुवफ्फकच्या कपाटात, एक रफलला पाठवली, एक इथे. हे मी तीन वर्षांपूर्वीच करायला हवं होतं.

शैमाला फोन केला. सापडलं म्हटलं. पलीकडून काहीच आवाज येईना. लाईन गेली असं वाटलं. मग तीबाचा आवाज आला, "आई खाली बसली आहे. तुम्ही कोण बोलताय?"

१८ सप्टेंबर, बुधवार

कोर्ट. नऊला बोलावलं, साडेअकराला आत घेतलं. न्यायाधीश थकलेले दिसले, टेबलावर फायलींचे ढीग. कागद वाचला. म्हणाले, "सुईण कुठे आहे?"

"वारली साहेब. मी तिचा नवरा."

"कागद छापील आहे. सही नाही."

"नाही साहेब. पण मी तिथे होतो."

"बाळंतपणाच्या वेळी तुम्ही खोलीत होता?"

"नाही. बाहेर उभा होतो. दाराच्या डाव्या हाताला."

"मग तुम्ही पाहिलं काय?"

"पाहिलं काही नाही. ऐकलं." ते थांबले, म्हणून मी पुढे सांगितलं. चार दिवस मी तेच आठवत होतो. "आई ओरडायची थांबली. मग माझी बायको बोलत होती, हळू. मग तेही थांबलं. बाळ रडेना. गल्लीच्या तोंडाशी दोन बंदूकवाले उभे होते. मला वाटलं, मूल गेलं. मी मोजायला लागलो. पाणीखात्यात दाब मोजताना असंच मोजतात. त्र्याण्णवपर्यंत मोजलं. मग ते रडलं. दार उघडलं, बायको म्हणाली, मुलगी आहे, गरम पाणी आण. तिच्या हाताला रक्त होतं. शेजारच्या घरातून मी पाणी आणलं."

शैमा मागे उभी होती. तिला हे काही माहीत नव्हतं. तिने ओढणीत तोंड घातलं.

न्यायाधीशांनी चष्मा काढला. "त्र्याण्णव," ते म्हणाले. "नक्की?"

"नक्की साहेब. अशा वेळचा आकडा विसरत नाही."

मग त्यांनी तीबाला पुढे बोलावलं आणि नाव विचारलं. तिने सांगितलं. नाव नीट लिहिलं जातंय का ते बघायला ती टाचा उंच करून टेबलावर वाकली. कारकून म्हणाला, "ए, मागे हो." न्यायाधीश म्हणाले, "बघू दे तिला."

हुकूम झाला. दाखला दहा दिवसांत मिळेल. शाळेसाठी आजच्या हुकमाची प्रत चालेल.

बाहेर आल्यावर शैमा म्हणाली, "काका, आमच्या गल्लीतल्या अजून चार बायका आहेत अशाच. सांगू का त्यांना?"

मी म्हटलं, पाठव. आधी फोन कर, म्हणजे मी घरी असेन. मग आठवलं की मी घरीच असतो.

टॅक्सीने घरी आलो. तोंड धुतलं, उरलेला भात गरम करून जेवलो, भांडी घासली. मग पुढच्या खोलीत सबीहाच्या खुर्चीवर बसलो.

चार वाजून दहा मिनिटांपासून चार चाळीसपर्यंत रडलो. त्या वेळात लाईट गेली नाही.